निळ्या रंगाचा भरवसा

नानांच्या आजाराची पहिली खबर आम्हाला माठानं दिली. स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातला तो माठ एरवी दिवसभर पुरून उरायचा, तो दुपारच्या भोंग्याच्या आतच कोरडा पडायला लागला. आईनं आधी माझ्यावर संशय घेतला. मग माठाला चीर गेली असेल म्हणून त्याच्या बुडाला सिमेंट फासलं. मग कुंभारणीला गाठून तिच्याशी भांडून आली आणि नवा माठ आणला. तोही रिकामा. शेवटी एका दुपारी तिनं नानांना उभ्या उभ्या सहा तांबे पाणी पिताना पकडलं. नाना तांब्या तसाच हातात धरून म्हणाले, "आज ऊन लई हाय." बाहेर मार्गशीर्षातला गारवा होता आणि आईच्या अंगावर शाल होती. कुंभारणीला मात्र आईनं त्या आठवड्यात एक पायली बाजरी नेऊन दिली.

आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो, श्रीगोंद्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर. दोन खोल्या, मागं पडवी, पडवीच्या टोकाला न्हाणी. गळीत हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस गाड्यांचा खडखडाट, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, ट्रकवाल्यांचे हॉर्न आणि सगळ्यांवर कडी करणारा तो भोंगा. हवेला मळीचा आंबूस वास. बॉयलरच्या धुराड्यातून उडणारी काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर अशी बसायची की आमच्या वर्गात पांढरा शाळेचा ब्लाऊज कुणाचाच नव्हता, सगळ्यांचे राखाडी. पाहुणे आले की नाक दाबायचे. आम्हाला मात्र हंगाम संपून वास गेला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. थोरली अक्का लग्न होऊन मिरजगावला गेलेली, त्यामुळे घरात नाना, आई आणि मी, तिघंच.

नाना कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उसाच्या रसात साखर किती, त्यातली पोत्यापर्यंत किती पोचली आणि वाटेत किती हरवली, हे शोधून काढणं त्यांचं काम. रस पिळून उरलेल्या चोथ्यात थोडी राहते, मळीबरोबर थोडी जाते. ही गळती जितकी कमी तितका उतारा, म्हणजे उसामागं हाती येणारी साखर, चांगला, आणि उतारा चांगला तर नानांचा चेहरा चांगला. उतारा पडला त्या दिवशी आई मला दारातच सांगायची, "आज मार्कं दाखवू नकोस." असा हा माणूस. त्याला तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की शिंदे, तुमच्या लघवीतून साखर जातेय, तुम्हाला मधुमेह आहे. नानांना आजाराचं दुःख झालंच नाही. त्यांना अपमान वाटला. येताना एसटीत ते एकच वाक्य तीनदा म्हणाले, "माझ्यातच गळती?"

आणि उतरताना त्यांनी आम्हा दोघींना बजावलं, की हे कुणाला कळता कामा नये. का, ते सांगायची गरज नव्हती. साखर कारखान्याचा केमिस्ट, सगळ्या कारखान्याची साखर राखणारा, आणि त्याच्याच अंगातून साखर वाहून चाललीय म्हटल्यावर लोकांनी हंगामभर दुसरी करमणूक शोधली नसती. मला आईच्या गळ्याची शपथ घालण्यात आली. आईला माझ्या गळ्याची. पण दर पंधरा दिवसांनी श्रीगोंद्याला कशाला जाता, याचं उत्तर हवं होतं. नानांनी ते एका क्षणात शोधलं, "शालीच्या डोळ्याची तपासणी." माझे डोळे ठणठणीत. तरी खोटं पक्कं व्हावं म्हणून त्यांनी मला बिननंबरचा चष्मा आणून दिला. महिन्याभरात वसाहतीत माझी नजर जाणार अशी बातमी पक्की झाली. बायका मला हात धरून पायरी उतरवायच्या. शेजारचे रहीमचाचा कारखान्यात पॅनवर होते, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा आणणारे. त्यांच्या शकीलाचाची माझ्या डोळ्यांसाठी दर शुक्रवारी गाजराचा हलवा पाठवायच्या, तूप सुटलेला, वर चारोळी. मी तो नानांच्या समोर बसून खायचे. मी जन्मात इतकं पुण्य मिळवलं नसेल आणि इतकं पापही केलं नसेल.

घरातली साखर त्याच दिवशी गेली. कामगारांना सवलतीत मिळणारी साखर नानांनी परस्पर अक्काच्या सासरी धाडायला सुरुवात केली. गूळ गेला. पुरणपोळी तर गेलीच, पण पोळीचं नाव काढायचीही चोरी झाली. राहिलं काय, तर बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मेथी, आणि लसणाची चटणी. मला शेंगोळे आवडायचे, अजून आवडतात. पण आठवड्यातून चार वेळा शेंगोळे खाऊन कुणाचंही प्रेम आटेल. कुणी आलं तर बिनसाखरेचा चहा कसा द्यायचा हा आईपुढचा प्रश्न होता. तिनं तो फार सोपा करून टाकला. तिनं चहा देणंच बंद केलं. शिंद्यांची बायको मोठी चिक्कू झाली असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून आई घरात येऊन भांडी आपटायची.

आता बोटाला टोचलं की चिमुकल्या यंत्रावर आकडा उमटतो. मी स्वतः रोज सकाळी टोचते, कारण बापाकडून मला नाक आणि हा आजार दोन्ही आले. त्या वेळी घरी करायची तपासणी एकच होती. काचेच्या नळीत औषधाच्या दुकानातलं निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर धरून उकळायची. साखर जात नसेल तर पाणी निळंच राहतं. जात असेल तर आधी हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फारच झालं तर विटकरी. नानांनी पहिल्या दिवशी हा प्रयोग स्वयंपाकघरात केला आणि नळी धरायला आईची सांडशी घेतली. आईनं ते पाहिलं मात्र! त्या दिवशी आम्ही तिघंही उपाशी राहिलो असतो, पण नाना पडवीत हद्दपार झाले आणि सांडशीला लाल दोरा बांधून ती त्यांच्या नावे करून टाकण्यात आली. माझ्या चित्रकलेच्या रंगपेटीतून मी त्यांना पाच रंगांचा तक्ता काढून दिला. तो न्हाणीच्या दाराला आतून चिकटवला होता. पहाटेच्या पाळीच्या आधी नाना पडवीत उकिडवे बसायचे, एका हातात सांडशी, पुढं स्पिरिटचा दिवा, आणि मी शेजारी कंदील धरून. रंग ठरला की ते मोठ्यानं म्हणायचे, "हिरवा." मग दिवसभर घरात बोलायची सोय नसायची.

डॉक्टरांकडे दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा नाना त्यांच्याशीच वाद घालायला लागले. आठ थेंब का, दहा का नाहीत, थेंब टाकायची नळी बारीक की जाड, एवढ्या ढोबळपणावर माणसं जगवता कशी. डॉक्टर शांत गृहस्थ. त्यांनी नानांना नमुना द्यायला मागच्या बाजूला पाठवलं आणि मला खुर्ची दाखवली. "तुझे वडील ऐकणाऱ्यातले नाहीत. तू ऐक," ते म्हणाले. "आपण जेवलो की रक्तात साखर वाढते. ती तशीच वाढू दिली तर नुकसान, म्हणून शरीर ती उचलून स्नायूंना देतं आणि उरलेली यकृतात साठवून ठेवतं. उपाशी असलो की त्याच साठ्यातली थोडी थोडी सोडतं, कारण मेंदूला साखर घटकाभरही कमी पडून चालत नाही. साठव म्हणणारं एक रसायन आहे, सोड म्हणणारं दुसरं. दोघांची ओढाताण चालते म्हणून तू तासाभरापूर्वी जेवलीस की काल जेवलीस, रक्तातली साखर साधारण जागेवर राहते. तुझ्या वडिलांचं साठव म्हणणारं कमी पडतंय. मी दिलेली गोळी त्याला ढोसते, आणखी काम कर म्हणून. पण गोळीला दिसत नाही की माणूस जेवलाय का उपाशी आहे. ती ढोसतच राहते."

मी विचारलं, "मग निळा रंग आला की झालं ना?"

"निळा म्हणजे साखर सांडत नाही, एवढंच. रक्तात बरीच वाढली तरच ती लघवीत उतरते. त्यामुळे आत बेताची आहे की पार तळाला गेलीय, हे निळा सांगत नाही. दोन्हीला रंग एकच." मग त्यांनी बोट उगारून जे सांगितलं ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. दरदरून घाम, हाताला कंप, विचित्र बडबड, भलताच राग आला, तर आधी साखर तोंडात घालायची आणि मग काय विचारायचं ते विचारायचं. थांबलं तर माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्यातून उठेलच असं नाही. हे मी एसटीत नानांना सांगितलं. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साखरेच्या रोग्याला साखर द्या म्हणतोय. पोरीची गंमत केली त्यानं." आईला सांगितलं तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला.

नानांना हवा होता निळा. रोज निळा, कायम निळा. त्यांनी कारखान्याचं शास्त्र स्वतःला लावलं होतं. साखर वाया जातेय ना, मग आधी गाळप कमी करा. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी झाली. त्यातूनही सकाळी पाणी जरासं हिरवट दिसलं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळीवर ते आपल्या मनानं आणखी अर्धी घ्यायचे. पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर रंग निळा यायला लागला तो निळाच. नानांच्या पँटला आईनं दोनदा टाके घातले. अकरा वाजले की त्यांचा पारा चढायचा, हात थरथरायचे, प्रयोगशाळेतल्या पोरांना ते पेन फेकून मारायचे, आणि दुपारी अर्धी भाकरी पोटात गेली की माणूस गाईसारखा गरीब. मी वहीचं मागचं पान उघडून बघायचे आणि मिटायचे. निळ्या रंगापुढं माझं कोण ऐकणार?

आमच्या कारखान्यात हंगामाची पहिली साखर तयार झाली की पहिल्या पाच पोत्यांची पूजा व्हायची. गोदामात पोती मांडायची, त्यांना हळदीकुंकू, हार, पुढं नवी साखर भरलेलं ताट. पूजा झाली की तीच साखर मूठमूठ वाटायची. दरवर्षी संचालकांपैकी एखादं जोडपं बसायचं. त्या वर्षी चेअरमनसाहेबांनी जाहीर केलं, की यंदा मान प्रयोगशाळेचा, शिंदे जोडप्यानं बसायचं. नानांनी घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच ते सांगितलं. आईनं लग्नातला शालू काढला. आणि पूजेला बसायचं म्हणजे उपाशीपोटी, यात आमच्याकडे कुणाला शंका असण्याचं कारण नव्हतं.

त्या सकाळी रंग निळा होता. तरी मोठा दिवस, कुठं चूक नको म्हणून नानांनी सात वाजता दीड गोळी घेतली. मी म्हणाले, "नाना, दूध तरी घ्या." ते म्हणाले, "पूजेला बसणारा मानूस दूध पितो व्हय?" पूजा नऊची होती. चेअरमनसाहेब आले साडेदहाला. मग दोन भाषणं झाली, एक उसाच्या लागवडीवर आणि एक त्याच भाषणाचं कौतुक करणारं. गोदामात सगळी वसाहत दाटीवाटीनं उभी. मी बायकांच्या रांगेत पुढं, डोळ्यांवर तो चष्मा, आणि माझं लक्ष नानांच्या मानेवर. थंडी अशी की गुरुजींनी सोवळ्यावर स्वेटर चढवला होता, आणि नानांच्या मानेवरून घामाच्या धारा.

गुरुजींनी विचारलं, "गोत्र?"

नाना म्हणाले, "अठरा पूर्णांक दोन." हा प्रयोगशाळेतल्या रसाचा आकडा.

कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींनी कानावर हात ठेवून पुन्हा विचारलं. नाना चिडले. "एकदा सांगितलं ना? आन् ते पळीनं काय वतताय? मोजमाप हाय का न्हाई काही? नळी आना, नळीनं घाला थेंब!" आईनं त्यांच्या गुडघ्याला हात लावला, "आवं, गप ऱ्हावा की." नानांनी तिच्याकडे असं पाहिलं जणू ही बाई कोण. मग त्यांची नजर चेअरमनसाहेबांवर गेली आणि ते मोठ्यानं, अगदी प्रेमानं म्हणाले, "सायेब, तुमी लई चांगलं मानूस. पन तुमच्या मळ्यातला ऊस भिकार. निस्तं पानी हाय त्यात, पानी!"

मग मागून कुजबुज सुरू झाली. कारखान्याला लागून दारूचा कारखाना होता, त्यामुळे असं काही दिसलं की लोकांना दुसरं कारण शोधावं लागायचं नाही. "सकाळीच घेतली वाटतं." "शिंदे? कधी सुपारी न खानारा?" "असलीच मुकी मानसं आतून पितात." चेअरमनसाहेबांचा चेहरा विटकरी झाला होता. नानांना आता नीट बसता येत नव्हतं. ते पूजेच्या पोत्यावर कलंडले, हार तुटला, त्यांच्या ओठांची थरथर मला रांगेतून दिसत होती. मला पुढं जायचं होतं. गेले तर सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं, आईच्या गळ्याची शपथ मोडून. न जावं तर डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य. ते आठवलं आणि मी चष्मा काढून पुढं धावले.

देवाला न दाखवलेल्या त्या ताटातली साखर मी मुठीनं उचलली. "अगं अगं अगं!" गुरुजी ओरडले. मी नानांच्या तोंडाशी मूठ नेली तोच आईनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "मारतीस का बापाला? ईख हाय ते त्यांना, ईख!"

"आई, साखर कमी झालीय त्यांची!"

"काय झालंय शिंद्यांना?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

मी मोठ्यानं सांगितलं. माझा आवाज गोदामाच्या पत्र्यावर आपटून परत आला. "नानांना मधुमेह हाय. गोळी घेतलीय आन् पोटात काही न्हाई. दारू न्हाई प्यालेत ते. साखर पाहिजे त्यांना, आत्ता!"

यावर सगळेच डॉक्टर झाले. मधुमेह असेल तर साखर कशाला, असं टाइमकीपर म्हणाला. कांदा हुंगवा. पायताण हुंगवा. लिंबू द्या, आंबट गोडाला मारतं. आई रडत होती आणि माझं मनगट सोडत नव्हती. तेवढ्यात रहीमचाचा गर्दीतून आले. त्यांनी आईला हात न लावता, नुसतं पुढं वाकून सांगितलं, "भाबी, सोडा तिला. माज्या सासऱ्याचं आसंच झाल्तं. आमी न्हाई दिली साखर." पुढं काय झालं ते ते बोलले नाहीत. आईची बोटं सुटली.

आता तोंड उघडायला हवं होतं. नानांनी दात आवळले होते. "मला गोड चालत न्हाई," एवढं एकच ते दातांमधून म्हणत होते. शुद्ध जात चाललेली, पण पथ्य शाबूत. मी नाना म्हणून हाक मारली, दोनदा, तीनदा. मग काय सुचलं कोण जाणे, कारखान्याचे मोठे साहेब प्रयोगशाळेच्या दारातून ज्या आवाजात हाक मारायचे, त्या आवाजात मी ओरडले, "शिंदे! तोंड उघडा!"

वीस वर्षांच्या नोकरीचा परिणाम. नानांनी तोंड उघडलं.

मी मूठभर साखर आत घातली. वर तांब्यातल्या पाण्यात आणखी साखर कालवून घोट घोट पाजली. ते गिळत होते, तेवढं तरी त्यांना समजत होतं. मग वाट बघणं. डॉक्टरांनी साखर घाला म्हणून सांगितलं होतं, किती वेळात गुण येतो हे मी विचारलंच नव्हतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत मी जितकी घाबरले तितकी नंतर बाळंतपणातही घाबरले नाही. आई म्हणाली तेच खरं असलं तर? सगळ्या वसाहतीसमोर, पूजेच्या ताटातली साखर चारून मी बापाला मारलं असलं तर? आईचा पदर नानांच्या डोक्याखाली होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. एवढी माणसं उभी, पण बाहेरच्या बैलांचे घुंगरू तेवढे ऐकू येत होते.

मग नानांच्या कपाळावरचा घाम सुकायला लागला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, धोतराचा सोगा सावरला, आणि गुरुजींना अगदी नम्रपणे म्हणाले, "गोत्र सांगायचं राह्यलं का? कश्यप." मी तिथंच फरशीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. चेअरमनसाहेबांनी जीप दिली. त्याच दुपारी नाना डॉक्टरांसमोर होते, आणि या वेळी त्यांनी थेंबांचा विषय काढला नाही. डॉक्टरांनी मला सांगितलेलंच सगळं त्यांना पुन्हा सांगितलं. नाना ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी धडधाकट मानसात हे सगळं कुनी न बघता चालतं? जेवला तरी, उपास केला तरी?" डॉक्टर हो म्हणाले. "आमी तीन पाळ्यांत येवढी मानसं राबतो," नाना म्हणाले, "तरी आमचा एक दिवस दुसऱ्यासारखा जात न्हाई."

पण माझ्याशी ते बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी पाणी दिलं तर घ्यायचे, बघायचे भिंतीकडे. मी शपथ मोडली होती. सगळ्या कारखान्यासमोर त्यांचा आजार ओरडून सांगितला होता, वर नावानं हाक मारली होती, तीही आडनावानं. आई म्हणाली, "जाईल राग." तिचंच तिला खरं वाटत नव्हतं. मी वाचवलं म्हणून मला अभिमान वाटायला हवा होता, पण सोळाव्या वर्षी बाप बोलत नसेल तर अभिमान कशाशी खायचा? मी नुसती झुरत होते. चष्मा मी न्हाणीच्या चुलीत टाकला. काचा जळत नाहीत हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. रहीमचाचा उभे होते, अंगावर घोंगडी, आणि घोंगडीच्या आत काहीतरी लपवलेलं. ते आत आले, दार लोटून घेतलं आणि नानांसमोर खोकल्याच्या औषधाची एक बाटली ठेवली. "शिंदेसाहेब, जरा बघता का? बरेच दिस झाले, तहान लई लागती." नाना बाटलीकडे बघत राहिले. मग उठले आणि सांडशी आणायला गेले. रहीमचाचांचं पिवळं आलं. ते पडवीतून जातात न जातात तोवर गुरुजी, पंचपात्रात. मग टाइमकीपर. मग चेअरमनसाहेबांचा ड्रायव्हर, विशीतलं पोरगं, नुकतंच मिसरूड फुटलेलं. "माझीच हाय," त्यानं कुणी विचारायच्या आधीच सांगितलं. त्याचं उकळता उकळता विटकरी झालं. नाना म्हणाले, "तुझ्या सायबांना म्हनावं, मी कुनाला सांगत न्हाई. पन सोता या." पडवीत बाटल्यांची रांग लागली. आई पदराआड तोंड धरून हसत होती. तीन दिवसांत पहिल्यांदा.

गुरुजींचं पाणी निळं राहिलं. त्यांनी हात जोडले, देवाचं नाव घेतलं आणि खूश होऊन म्हणाले, "म्हणजे गोळी चांगली लागू पडलीय. मी कुणाला बोललो नाही, पण वर्षभर घेतोय. आता दोन घेतो, म्हणजे विषयच नको."

नानांनी नळी खाली ठेवली. "थांबा," ते म्हणाले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर, सरळ. "निळ्याचा अर्थ हिला इचारा. मला हिनं सांगितल्ता, मी ऐकला न्हाई. हिच्यामुळं मी हितं बसलोय. न्हाईतर शकुंतला आत्ता पांढऱ्या कपाळानं बसली असती."

आईचं नाव त्यांनी चारचौघांत तेव्हा पहिल्यांदा घेतलं. गुरुजी माझ्याकडे तोंड करून बसले, टाइमकीपर बसला, ड्रायव्हरसुद्धा बसला. मी कंदील खाली ठेवला आणि अडखळत सांगायला लागले, साठव म्हणणारं एक रसायन असतं आणि सोड म्हणणारं दुसरं. नाना मध्ये मध्ये मान डोलवत होते. एके ठिकाणी मी चुकले तेव्हा त्यांनी मला दुरुस्त केलं नाही, डॉक्टरांना विचारून ये म्हणाले. सात वाजत आले तशी आईनं त्यांच्या गोळ्यांची डबी आणून पुढं ठेवली. नानांनी ती उघडली. एक गोळी तळहातावर घेतली. आणि तोंडाकडे नेता नेता थांबून, एवढ्या सगळ्या माणसांदेखत, त्यांनी मला विचारलं, "घेऊ का?"

मी म्हणाले, "आधी भाकरी समोर येऊ द्या."

नानांनी गोळी परत डबीत टाकली आणि हात धुवून पाटावर जाऊन बसले.